सगळं झाडच औषधी

सीताफळाच्या सालीत जंतू मारण्याची ताकद असते, हे मी एकदा सिद्ध करून दाखवलं होतं. नुसत्या सालीत नाही. बीत, गरात आणि पानातसुद्धा. जंतू खरोखरच मेले होते, त्यात खोटं काही नाही. पण ते मेले होते स्पिरिटने. सीताफळ बिचारं त्या स्पिरिटात भिजत पडलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. स्पिरिटने जंतू मरतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला ते त्या वेळी आठवायचं नव्हतं. तिशी ओलांडलेली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, नावाआधी ‘डॉक्टर’ लागावं म्हणून झुरणारी, बोलताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन वरून बघण्याची नुकतीच सवय लावून घेतलेली ती बाई आज माझ्या दारात आली, तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग तिचा कान धरीन.

दसरा झाला की आमच्या वर्ध्याच्या हवेला काही कळेनासं होतं. पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटते आणि दुपारी अंगण पायाला चटके देतं. सोयाबीन निघालेलं असतं, त्याचं कुटार वाऱ्यावर उडून घशात खवखवतं. कपाशीची पहिली बोंडं फुटायला लागतात. आणि याच दिवसांत आष्टीकडच्या टेकड्यांवरून सीताफळं खाली उतरतात. परवा सकाळी सिंदी मेघेच्या आमच्या गल्लीत हाक आली आणि मी पदर खोचून फाटकाशी गेले. टोपलीवर पळसाची पानं झाकलेली, खाली हिरवी, खवल्याखवल्यांची फळं.

“पक्की हायेत का?” मी विचारलं.

“घे वं माय, डोळे उघडले पाह्य त्याचे. आज ठेवजो, उद्या खाजो.”

सीताफळ घ्यायचं ते डोळे बघूनच. खवल्यांमधल्या भेगा गुलाबी-पांढऱ्या झाल्या की डोळे उघडले म्हणतात. मग ते तांदळाच्या डब्यात किंवा जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी हात लावला की ते स्वतःहून दुभंगतं. तो वास घरभर फिरतो. गोड, दुधाळ, आणि फळ थोडं जास्त ठेवलं तर आंबूस. लोकांना या वासाने दिवाळी आठवते. मला आणखीही काही आठवतं, म्हणून मी दरवर्षी सीताफळं घेते आणि दरवर्षी ती खाताना बी जिभेवर जरा जास्त वेळ घोळवत बसते.

या वर्षी मात्र घोळवत बसायची सोय नाही. नात श्रावणी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, आणि तिच्या प्रकल्पाचा विषय काय, तर फळांच्या सालींचे अर्क. पेरू, कवठ आणि, तुम्ही ओळखलंच असेल, सीताफळ. त्या अर्कांमध्ये काय काय द्रव्यं आहेत आणि त्यांनी जंतू मरतात का, ते बघायचं. हा विषय मी तिला सुचवलेला नाही, देवाशपथ. तिच्या मॅडमनी दिला. पण विषय मिळाल्याबरोबर पोरगी नाचत घरी आली.

“आजी, साली फेकायच्या नाहीत हं. सगळ्या मला.”

“मग फळं कोण खाणार?”

“तू. विज्ञानासाठी.”

मी हसले. हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं. ऐकलेलं काय, मीच बोललेलं होतं. त्या वर्षी वर्ध्यातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी सगळ्यांना विज्ञानासाठी सीताफळं खायला लावली होती. जेवायच्या आधी सीताफळ, जेवण झाल्यावर सीताफळ. बिया एका वाटीत थुंकायच्या, साली परातीत ठेवायच्या, गर थोडासा माझ्यासाठी चमच्यावर राखायचा. गिळली गेलेली बी म्हणजे संशोधनाचं नुकसान, असं मी खरंच म्हणत असे. आमचे हे तहसील कार्यालयातून दमून येत, डबा टेकवत आणि माझ्या हातातली ताटली बघून म्हणत, “निर्मला, मी तुझा नवरा आहे की उपकरण आहे?” मुलगा तेव्हा लहान. त्याने तर शाळेतल्या निबंधात ‘माझे आवडते फळ : सीताफळ सोडून कोणतेही’ असं लिहिलं होतं.

आणि या सगळ्याच्या मध्ये, चुलीजवळच्या पाटावर, खलबत्ता मांडीशी घेऊन बसलेल्या आमच्या बाई.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. साऱ्या घराच्या त्या बाईच होत्या. आष्टीजवळच्या खेड्यातला सगळा जन्म. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेल्या. हाडापेराने थोराड, आवाज असा की गल्लीच्या टोकावरच्या गाईने मान वर करावी. त्यांना साखरेचा आजार होता. साखर असली की सीताफळ वर्ज्य. म्हणजे घरात सगळे फळ खाऊन कंटाळलेले आणि ज्यांना खरोखर खावंसं वाटे त्यांना तेवढं बंद. त्या साली उन्हात वाळवत, त्यांच्या बाजेवर जुनं लुगडं पसरून. वाळल्या की कुटत. कुटता कुटता बोट जिभेला लावत आणि मी बघितलं की म्हणत, “धूळ उडाली व तोंडात.”

सुरुवातीला त्यांना माझा उद्योग कळला नव्हता.

“अवं, हे काय करून राह्यली तू? लोकं फळ खातात, साल फेकतात. तू साल ठेवते अन् फळ आमच्या पोटात फेकते.”

मग मी चष्मा खाली घेतला आणि त्यांना समजावून सांगितलं. कसं सांगितलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण पुढे त्याच शब्दांनी माझा पिच्छा पुरवला. मी म्हटलं, “बाई, जखमेत पू होतो ना, तो एका जंतूमुळे होतो. तो जंतू मी कॉलेजात एका काचेच्या ताटलीत वाढवते. त्यावर आपल्या सालीचा अर्क टाकते. अर्काने जंतू मेला, म्हणजे समजायचं साल औषधी आहे.”

“आपल्या सालीनं मरते तो?”

“मरेल.”

“आपल्या?” त्यांनी पुन्हा विचारलं, आणि खलबत्त्यात असा घाव घातला की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

‘आपल्या’ हा शब्द मीच त्यांना दिला होता. तो त्यांनी कमरेला किल्लीसारखा खोचून टाकला.

प्रयोगशाळेतले ते दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत, इतके ते सुंदर होते. कॉलेजच्या मागच्या खोलीत दुपारचं ऊन तिरपं यायचं. सालीचा चहाच्या रंगाचा अर्क परीक्षानळीत घ्यायचा, त्यात फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकायचा, आणि बघता बघता नळीत हिरवट काळी रात्र उतरायची. म्हणजे टॅनिन आहे. दुसऱ्या नळीत पाणी घालून हलवलं की रिठ्यासारखा फेस चढायचा आणि बसायचं नावच घ्यायचा नाही. म्हणजे सॅपोनिन आहे. तिसऱ्या नळीच्या तळाशी नारिंगी गाळ. म्हणजे अल्कलॉइड आहेत. मी एकटीच असायची आणि एकटीच हसायची. हे सगळं खरं होतं, हेच माझं दुर्दैव. तीन खऱ्या गोष्टी ओळीने घरात आल्या की त्यांच्या मागून चौथी खोटी गोष्ट पण आत येते, आणि आपण तिलाही पाट मांडतो.

चौथी गोष्ट म्हणजे जंतूंची ताटली. त्यात अगरचा थर असतो, गार झालेल्या खिरीसारखा. त्यावर जंतू पसरायचे, आणि थराला बारीक गोल खड्डे पाडायचे. खड्ड्यात अर्क भरायचा. रात्रभर उबेत ठेवली की ताटलीभर जंतूंची दुधी साय धरते. पण अर्काने जंतू मेले असतील तर त्या खड्ड्याभोवती स्वच्छ गोल उरतो. तो गोल मोजायचा. माझ्या ताटलीत खड्डे चारच बसत. तीन खड्ड्यांत साल, बी आणि गर. चौथ्या खड्ड्यात नुसतं स्पिरिट टाकायचं असतं, ज्यात हे सगळं भिजवलं ते. म्हणजे मारणारा कोण, फळ की स्पिरिट, ते कळतं. याला कंट्रोल म्हणतात. हे मी मुलांना फळ्यावर लिहून शिकवत असे, खाली रेघ मारून.

चौथ्या खड्ड्यात मी पान टाकलं.

ताटल्या मोजक्या होत्या आणि माझी हौस मोठी होती. नागपूरला परिषद तोंडावर आली होती. साल, बी आणि गर यांच्यावर सगळेच बोलतील, मला पानही हवं होतं. अर्क उघडा ठेवून स्पिरिट उडून जाऊ द्यायचं असतं, तेवढाही धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली उजेडात धरली. चार खड्डे, चार स्वच्छ गोल. चारही सारख्या आकाराचे! साल, बी, गर आणि पान ही चार वेगळी माणसं असावीत आणि चौघांनी परीक्षेत एकसारखे मार्क मिळवावेत, तर मास्तरला संशय येईल की नाही? मला नाही आला. मी वहीत लिहिलं, ‘सगळं झाडच औषधी.’ त्या दिवशी मी त्या खड्ड्यात सीताफळाची टोपली पिळून टाकली असती, तर टोपलीही औषधी ठरली असती.

संध्याकाळी घरी आले ती उडतच. चपला काढायच्या आधीच ओरडले, “बाई, मेला!”

त्या घाबरून उठल्या. “कोन वं?”

“जंतू!”

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या नळावर ही बातमी होती. “माह्या सुनेनं औषध काढलं. साली म्या कुटल्या.” दोन्ही वाक्यं सारख्याच आवाजात. पाणी भरणाऱ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी चष्मा आणखी खाली घेतला.

दिवाळीसाठी बाईंना नवी चप्पल आणली होती. ती चावली. बोटांच्या बेचक्यात आधी लाल झालं, मग फोड, मग फोड फुटला. साखरेच्या माणसाला पायाची जखम म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं, मला तर होतंच. पण दवाखान्याचं त्यांना भय. सासऱ्यांना तिथे नेलं होतं आणि परत आणलं ते चादर तोंडावर घेऊन. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आले तर बाई सालीची पूड पाण्यात कालवून लेप करत होत्या. पायाला चिंधी बांधायला मीच टोक धरलं.

“दवाखान्यात दाखवून येऊ या का बाई?” मी विचारलं. विचारलं खरं, पण कुणी चहा घेऊन निघताना ‘अजून घ्या ना’ म्हणावं, तसं.

“कायले? घरातच दवाखाना हाय ना आता.”

मी हसले. मनातून इतकी सुखावले की सांगता येत नाही. विद्यापीठाने अजून डॉक्टर म्हटलं नव्हतं, सासूने म्हटलं.

नागपूरची गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली असेल! कॉलेजच्या निरोप समारंभात, मुलाच्या लग्नात, भिशीत, श्रावणीला झोपवताना. सभागृह भरलेलं. मी पहिल्यांदाच अंगावर रेशमी साडी घेऊन व्यासपीठावर. पारदर्शिकेवर चार गोल. मी म्हणाले, “या वृक्षाचा प्रत्येक भाग जंतुनाशक आहे,” आणि टाळ्यांसाठी थोडी थांबले. टाळ्या आल्या नाहीत. पुढच्या रांगेतून एक बारीकशा बाई उठल्या, पांढरे केस, आवाज साईसारखा मऊ. त्यांनी विचारलं, “नुसत्या स्पिरिटचा गोल केवढा आला?”

मी म्हटलं, “तो… तो लावला नाही.”

“मग चौथ्या खड्ड्यात काय आहे?”

“पान.”

सभागृह हसलं. आधी एक कोपरा, मग सगळं. मागून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, जंतू पिऊन मेले!” आणि मी, घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून पर्समध्ये हात घातला तर हातात काय आलं? बाईंनी वाटेत खायला दिलेलं सीताफळ. पिकून फुटलेलं. ते हातात घेऊन मी व्यासपीठावर उभी.

गोष्ट इथे संपते. दरवेळी इथेच संपवली आहे मी. ऐकणारे डोळे पुसतात, मला टाळी देतात, ‘काय पण बाई आहे, स्वतःवर हसते’ असं म्हणतात. श्रावणीचीही ही सगळ्यांत लाडकी गोष्ट. परवा सालींची पिशवी बांधताना ती म्हणाली, “आजी, आमच्या विभागात पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे. प्रयोगातल्या चुकांवर बोलायचंय. येजो ना वं! तुझी ती स्पिरिटची गोष्ट सांगजो. सगळे हसून हसून मरतील.”

“आणि मेल्यांचे गोल तू मोजशील?”

“मोजीन ना. कंट्रोल लावून.”

मग तिने फोनवर तिच्या ताटलीचा फोटो दाखवला. आता ताटल्या प्लॅस्टिकच्या असतात, एकदा वापरून टाकून द्यायच्या. स्पिरिट तिने आधीच उडवून दिलेलं, त्यामुळे कंट्रोलच्या खड्ड्याभोवती साय अगदी काठापर्यंत आलेली. सालीच्या खड्ड्याभोवती मात्र नखाएवढा, अगदी बारीकसा स्वच्छ गोल. “बघ आजी, थोडंसं खरं होतं तुझं,” ती म्हणाली. तिला वाटलं मला आनंद होईल. मी तो फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि मला एकदम चिंधीखालच्या एका वासाची आठवण आली. ताटलीत जे मरतं ते माणसाच्या पायात मरेलच असं नाही, हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. ते पाय बघितलेल्याला कळतं.

“काय झालं आजी?”

“काही नाही. चष्मा कुठेय माझा?”

चष्मा डोळ्यांवरच होता. पोरगी हसली. मी पण हसले. हसण्याची मला इतकी सवय झाली आहे की काही लपवायचं असलं की ते आपोआप येतं. पण रात्री मनाशी ठरवलं. कार्यक्रमाला जायचं, आणि या वेळी नागपूरला थांबायचं नाही.

तर नागपूरच्या पुढे.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळीच कॉलेजात जाऊन चौथ्या खड्ड्यात नुसतं स्पिरिट टाकलं. उबेतून ताटली काढली तेव्हा गोल तेवढाच होता, मापाला माप. आमच्या विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. शोधनिबंध मागे घेतला. वर्गात मुलांनाही सांगितलं, फळ्यावर चार खड्डे काढून, स्वतःची थट्टा करत. मुलं खूश झाली. मला वाटलं, बघा मी किती सरळ आहे, किती मोठ्या मनाची आहे.

घरात मात्र दोन दिवस ‘मग सांगते’ म्हणून टाळलं होतं. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा बाई दारातच बसलेल्या. पाय पाटावर, चिंधी बांधलेली.

“काय म्हनत होते नागपूरवाले?”

“छान झालं,” मी म्हटलं आणि आत गेले.

दोन शब्द. आत जाऊन मी साडी बदलली, चहा ठेवला, आणि स्वतःला म्हटलं, उद्या सांगू. उद्या धनत्रयोदशी होती. सणाच्या दिवशी कशाला. मग लक्ष्मीपूजन. मग पाडवा. बाई नळावर अजूनही सांगत होत्या. माझ्या औषधाचं कौतुक मागे घ्यायचं म्हणजे त्यांनी कुटलेल्या साली मागे घ्यायच्या, असं मी मनाला पढवलं. खरं कारण तेवढं मोठं नव्हतं. त्या घरात एकच माणूस असं होतं जे मला आधीच डॉक्टर समजत होतं, आणि त्या माणसासमोर मला पुन्हा साधी सून व्हायचं नव्हतं. सभागृहातले लोक हसले, पण ते परके होते. रात्री आपापल्या गावी गेले. बाई रोज समोर बसणार होत्या.

रोज संध्याकाळी खलबत्त्याचा आवाज येई. ठक, ठक. मी चकल्या तळत असे, करंज्या मुरडत असे, आणि तो आवाज ऐकू न यावा म्हणून झारा उगाच कढईवर आपटत असे. बाहेर पोरांचे फटाके, आत तळणाचा वास, सीताफळाचा वास, आणि मग हळूहळू त्या दोन्हींच्या खालून येणारा एक तिसरा वास. तो मला आला होता. मी म्हटलं, टोपलीत एखादं फळ नासलं असेल. टोपली तपासली. फळं चांगली होती.

भाऊबीजेच्या दुपारी, अंगण भाजत असताना, बाई गोधडी घेऊन कुडकुडत होत्या. मी चिंधी सोडली. लेप वाळून पापुद्र्यासारखा चिकटला होता. तो कोमट पाण्याने सुटला, आणि खालचं बोट काळं पडलेलं. त्याक्षणी मला काय वाटलं ते मी इथे लिहीन असं ठरवून बसले होते. लिहिता येत नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते, झोप न झालेले. पाय बघून त्यांचा चेहराच बदलला.

“आजी, यावर काय लावत होतात?”

मी पिशवी धरून शेजारी उभी होते. तोंड उघडलं. पण बाई माझ्याआधी बोलल्या.

“काई नाई बाप्पा. हळद लावली होती.”

“नुसती हळद? इतके दिवस?” डॉक्टर चिडले. “अहो आजी, घरात इतकी शिकलेली सून आहे. तिला विचारायचं तरी!”

आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुम्ही कॉलेजात असता, दिवसभर बाहेर; तुम्हाला कसं कळणार? ही जुनी माणसं लपवून ठेवतात.”

मी मान हलवली. ‘हो’ अशी हलवली. बाई छताकडे बघत होत्या. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी लाज कुठली असं कुणी विचारलं तर लोकांना वाटतं मी नागपूर म्हणेन. नागपूरला मी फक्त चुकले होते. त्या खाटेशेजारी मी शुद्धीवर होते, मला सगळं ठाऊक होतं, आणि एका म्हाताऱ्या बाईला माझ्यासाठी अडाणी ठरू दिलं.

अंगठ्याशेजारचं बोट काढलं. पाय वाचला, हे आमचं नशीब. माझी हुशारी त्यात काही नाही. बाई घरी आल्या तेव्हा सीताफळं संपली होती. बाजारात संत्री आली होती, सकाळी धुकं पडायला लागलं होतं. त्यांची बाज आम्ही अंगणात उन्हात टाकली. तीच बाज, जिच्यावर साली वाळत. एका दुपारी हे कचेरीत, मुलगा शाळेत. मी संत्रं सोलून त्यांच्याजवळ बसले, आणि साल हातातच धरून राहिले.

मग सांगितलं. सगळं, क्रमाने, शिकवते तसं. काचेची ताटली, चार खड्डे, चौथ्यातलं पान. स्पिरिट. नागपूरच्या त्या बाई, त्यांचा प्रश्न, सगळं सभागृह कसं हसलं. दुसऱ्या दिवशीचा गोल. विभागप्रमुखांना सांगितलं, वर्गात सांगितलं. आणि ‘छान झालं’ असं मी दारात म्हटलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं, तेही सांगितलं. वाटेत कुठेही मला हसायला आलं नाही, आणि रडलेही नाही. रडले असते तर त्यांनाच माझी समजूत काढावी लागली असती, आणि तेवढी तरी तसदी त्यांना द्यायची नव्हती.

बाई ऐकत होत्या. पट्टी बांधलेला पाय त्यांनी उन्हात थोडा पुढे सरकवला. मग सोललेल्या संत्र्याची एक फोड घेतली, तोंडात टाकली, सावकाश खाल्ली, बी काढून बाजेखाली टाकली आणि म्हणाल्या,

“बोट गेलं त्याचं मले काई नाई वं, नऊ हायेत अजून. पन तू नागपुरात लोकाइले सांगून आली, कालेजात पोट्ट्याइले सांगून आली, अन् घरात मलेच सांगाले लाजली? मी काय मार्क कापनार होती तुहे?”